जम्बो बॅग, पावडर आणि स्टॅटिकची ठिणगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचशे-हजार किलोची बॅग होइस्टला टांगलेली, खाली रिॲक्टरचं उघडं मॅनहोल, आणि बॅगेचं खालचं तोंड सोडायला हेल्पर दोरी ओढतोय. तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ अशा रासायनिक वसाहतींत हे रोजचं दृश्य. या दृश्यात ठिणगी नेमकी कुठून येते, ती कशी टाळायची, याबद्दल सुपरवायझर, मेंटेनन्स, खरेदी विभाग आणि कधीकधी मालकही जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

एक खुलासा आधीच. प्लांटवर ‘चार्जिंग’ म्हणजे रिॲक्टरमध्ये माल टाकणं. म्हणून खाली विजेच्या चार्जला ‘प्रभार’ म्हटलं आहे, नाहीतर गोंधळ होतो.

पावडर नुसती खाली पडते. त्यात वीज कुठून आली?

दोन पदार्थ एकमेकांना लागून वेगळे झाले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार उरतो. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तो याचाच. पावडरीचे कोट्यवधी कण एकमेकांवर, पाइपवर, बॅगेच्या कापडावर घासत जातात. जम्बो बॅग विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची असते आणि पॉलिप्रॉपिलीनमधून वीज वाहत नाही. आलेल्या प्रभाराला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो साचत राहतो.

किती प्रभार येईल ते पावडरीच्या आधीच्या प्रवासावर ठरतं. साधं ओतताना किलोमागे ०.१ मायक्रोकूलोंबपर्यंत येतो. मायक्रोनायझरमधून बारीक होऊन आलेल्या पावडरीवर १०० पर्यंत, आणि हवेच्या दाबाने पाइपातून ढकललेल्या पावडरीवर १,००० पर्यंतही जाऊ शकतो. म्हणजे मायक्रोनायझर किंवा न्युमॅटिक लाइनखाली थेट भरली जाणारी बॅग ही चमच्याने भरलेल्या बॅगेपेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. दोन्हीकडे बॅग तीच असते, म्हणून लोकांना धोकाही तोच वाटतो.

एवढ्याशा ठिणगीने स्फोट होतो?

हिशेबच करू. दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम लाकडी पॅलेटवर ठेवलाय, अर्थिंग नाही. त्याची धारकता (प्रभार साठवण्याची क्षमता) २०० पिकोफॅराड धरा. किलोमागे ०.१ मायक्रोकूलोंब प्रभार घेऊन आलेली फक्त २० किलो पावडर त्यात पडली, तर ड्रमचं व्होल्टेज १०,००० पर्यंत चढू शकतं आणि त्यात १० मिलिजूल ऊर्जा साठते. माणसाचा हात किंवा अर्थ केलेला पाइप जवळ आला की ती एका क्षणात मोकळी होते.

आता दुसरी बाजू. मिथेनॉलची वाफ पेटायला ०.१४ मिलिजूल पुरतात, टोल्युइनच्या वाफेला ०.२४ च्या आसपास. साखरेच्या बारीक धुळीला साधारण ३०, गव्हाच्या पिठाला ५० लागतात. बारीक गंधकाला त्याहून कितीतरी कमी. पेटण्यासाठी लागणाऱ्या या किमान ऊर्जेला एमआयई म्हणतात. हा आकडा माहीत नसताना बॅग निवडणं म्हणजे माप न घेता कपडे शिवायला टाकणं.

टाइप ए, बी, सी, डी म्हणजे काय? सगळे वेगवेगळं सांगतात.

हे प्रकार आयईसी ६१३४०-४-४ या आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. ‘अँटिस्टॅटिक बॅग’ नावाचा प्रकार त्यात नाही, तरी आपल्याकडच्या निम्म्या खरेदी ऑर्डरींवर हाच शब्द असतो. त्यावर पुरवठादार काहीही पाठवू शकतो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

टाइप ए ही साधी बॅग, स्टॅटिकविरुद्ध काहीही सोय नसलेली. सिमेंट, मीठ, न पेटणारा माल यासाठी ठीक. पेटणारी पावडर असेल तर तिची एमआयई १,००० मिलिजूलच्या वर हवी आणि आसपास पेट घेणारी वाफ अजिबात नको.

टाइप बी दिसायला तशीच, पण तिचं कापड ६ किलोव्होल्टच्या आतच फुटतं, म्हणजे विजेला आरपार वाट देतं. हा दोष नाही, हेच तिचं काम. दुर्वाहक पातळ थराच्या दोन्ही बाजूंना भरपूर प्रभार साचला तर तो सगळा एकदम मोकळा होऊन १,००० मिलिजूल किंवा त्याहून मोठा झटका बसू शकतो. याला प्रोपगेटिंग ब्रश डिस्चार्ज म्हणतात. टाइप बीचं कापड प्रभार तेवढा साचूच देत नाही. पण लहान ब्रश डिस्चार्ज, साधारण ३ मिलिजूलपर्यंतचे, तिच्यावर होतातच. म्हणून पावडरीची एमआयई ३ च्या वर असेल आणि सॉल्व्हंटचा वासही नसेल तिथेच ती चालते. अर्थिंग केल्याने टाइप बीची टाइप सी होत नाही. कापड दुर्वाहकच आहे, अर्थिंगचा क्लॅम्प लावला तरी प्रभार त्यातून वाहणार नाही.

टाइप सीच्या कापडात ठरावीक अंतरावर वाहक धागे विणलेले असतात. ते सगळे एकमेकांना जोडलेले आणि शेवटी अर्थिंगच्या पट्टीला आलेले. बॅगेच्या कुठल्याही भागापासून त्या पट्टीपर्यंतचा रोध १० कोटी ओहमपेक्षा कमी हवा. काही कंपन्या त्याहून कडक, १ कोटी ओहमची मर्यादा पाळतात. सॉल्व्हंटच्या वाफेतही ही बॅग चालते, मात्र अर्थिंग लावलेलं असेल तरच.

टाइप डीला अर्थिंग लागत नाही. तिच्यातले खास धागे प्रभार हळूहळू, कोरोना डिस्चार्जच्या (ठिणगी न पडता होणाऱ्या क्षीण विसर्जनाच्या) रूपाने हवेत सोडतात, त्यामुळे मोठी ठिणगी पडत नाही. टाइप डीची चाचणी ०.१४ मिलिजूलला पेटणाऱ्या वायूमिश्रणात घेतली जाते, आणि सी व डी दोघींच्या वापराची मर्यादा तीच. हायड्रोजन किंवा ॲसिटिलीन त्याहून कितीतरी कमी ऊर्जेत पेटतात, तिथे या दोन्हींवरही विसंबू नये.

सगळ्यांत घातक चूक कोणती?

टाइप सी बॅग अर्थिंग न लावता वापरणं. अगदी निःसंशय.

लोकांना वाटतं, चांगली बॅग आणली आहे, क्लॅम्प राहिला तर फार तर साध्या बॅगेइतकं संरक्षण मिळेल. उलट आहे. साध्या बॅगेच्या दुर्वाहक कापडावर प्रभार जागच्या जागी अडकलेला असतो, बोट लावलं तर त्या जागेपुरताच मोकळा होतो. टाइप सीमध्ये सगळे वाहक धागे जोडलेले, म्हणजे अख्खी बॅग एक मोठा वाहक झाली, आणि तो कशालाच जोडलेला नाही. वरच्या हिशेबातला पत्र्याचा ड्रम आठवा. बॅग तशीच झाली, फक्त आकाराने मोठी. कुणाचा हात, पाना किंवा मॅनहोलची कड जवळ आली की साठलेलं सगळं एका ठिणगीत बाहेर पडतं. क्लॅम्प न लावता टाइप सी वापरायची असेल तर त्यापेक्षा ती गोदामातच राहिलेली बरी.

क्लॅम्प कधी लावायचा, कधी काढायचा?

बॅग टांगली की आधी क्लॅम्प, मग तोंड सोडायचं. रिकामं झाल्यावर तोंड बांधायचं, पावडर पडायची थांबली याची खात्री करायची, आणि मग क्लॅम्प काढायचा. भरतानाही हाच क्रम.

काम सुरू असताना लक्षात आलं की क्लॅम्प राहिलाय, तर धावत जाऊन लावू नका. प्रभारित बॅगेला अर्थ केलेला क्लॅम्प टेकवला की ठिणगी तिथेच पडणार, आणि आजूबाजूला धूळ किंवा वाफ असणार. आधी प्रवाह थांबवा, धूळ बसू द्या, वाफ असेल तर ती जाऊ द्या, मग लावा.

क्लॅम्प दातांचा हवा, पट्टीत घट्ट रुतणारा. बॅगेच्या लूपला, शिलाईला किंवा लेबलला लावून उपयोग नाही. अर्थिंगची पट्टी ठरलेली असते आणि ती कुठे आहे ते बॅगेवरच छापलेलं असतं. दुसरं टोक रंगवलेल्या स्ट्रक्चरला नको, कारण रंग म्हणजे इन्शुलेशनच. परवडत असेल तर बॅगेचा रोध मोजणारी आणि रोध वाढला की रोटरी व्हॉल्व्ह आपोआप बंद करणारी अर्थिंग मॉनिटरिंग प्रणाली बसवा. रात्रपाळीला तीन वाजता माणसाच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडतं.

आम्ही मल्टिमीटरने तपासतो. ‘ओपन’ दाखवतो. बॅग खराब?

बहुधा नाही. मल्टिमीटरचं व्होल्टेज फार कमी असतं आणि त्याची कमाल मर्यादा काही कोटी ओहमच्या आसपास असते. बॅग मोजायला तो चुकीचा. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन रोध मोजणारं यंत्र) वापरा. मात्र मेगर ज्वलनशील क्षेत्रात नेऊ नका. तपासणी गोदामात, धूळ आणि वाफ नसलेल्या जागी करा.

मेटल-टू-मेटल जोडण्यांची गोष्ट वेगळी. हॉपर, पाइप, फिल्टर हाउसिंग यांच्यात १० ओहमच्या आत रोध मिळायला हवा. जास्त आला तर कुठला तरी नट सैल आहे, गंज आहे, किंवा गॅस्केटमुळे एक भाग तुटक राहिलाय. तुटक राहिलेला धातूचा लहानसा तुकडाही पुरतो. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइनमध्ये २९ ऑक्टोबर २००७ ला एका गोदामात स्टीलच्या टाकीत एथिल ॲसिटेट भरताना आग लागली. तिथल्या नोझल आणि नळीच्या धातूच्या भागांचं बाँडिंगच (वाहकाने एकमेकांना जोडणं) केलेलं नव्हतं. माल द्रव होता, पण तत्त्व तेच.

टाइप डी घेतली की अर्थिंगची कटकट संपली ना?

बॅगेपुरती संपली, परिसराची वाढली. टाइप डी आपला प्रभार आजूबाजूच्या हवेत सोडते. जवळ अर्थ न केलेली धातूची वस्तू किंवा माणूस असेल तर त्याच्यावर प्रभार चढतो. पॅलेटवरचा ड्रम, लोखंडी शिडी, कुणीतरी विसरलेला पाना, रबरी सोलचे बूट घातलेला हेल्पर, सगळे यात आले. शिवाय बॅगेवर ग्रीस, पाणी किंवा वाहक पावडर सांडली तर तिचा गुणधर्म जातो.

आत लायनर घातला तर?

अन्न आणि औषधांच्या मालाला पॉलिथिनचा लायनर लागतोच, आणि चांगली टाइप सी बॅग बहुतेक वेळा इथेच वाया जाते. साधा दुर्वाहक लायनर घातला की पावडर बॅगेच्या वाहक धाग्यांना लागतच नाही. लायनरचेही, त्याच्या पृष्ठभागाच्या रोधानुसार, एल१, एल२, एल३ असे प्रकार आहेत. टाइप बीसोबत एल२ किंवा एल३, टाइप सीसोबत एल१ किंवा एल२, टाइप डीसोबत फक्त एल२. गोदामात लायनरचा रोल वेगळा पडलेला असेल आणि कुणीतरी तो ‘माल खराब होऊ नये’ म्हणून आपणहून घालत असेल, तर ते आजच बंद करा.

बॅग रिकामी झाल्यावर लायनर मॅनहोलजवळ ओढून बाहेर काढणं, झटकणं हेही नको. प्लास्टिक ओढताना प्रभार तयार होतो आणि झटकल्याने धुळीचा ढग उठतो. पॅलेटवरची स्ट्रेच फिल्मसुद्धा बाहेरच, प्रक्रिया क्षेत्रात येण्याआधी काढा.

सॉल्व्हंट असलेल्या रिॲक्टरमध्ये थेट मॅनहोलमधून पावडर टाकायची का?

शक्य तोवर नाही. खरं तर या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते ते) ४ अंश सेल्सियस, मिथेनॉलचा ११. म्हणजे आपल्याकडे डिसेंबरातही रिॲक्टरमधली वाफ पेट घेण्याजोगी असते. उघड्या मॅनहोलमधून पावडर पडते तेव्हा ती स्वतःच्या जागेइतकी वाफ बाहेर ढकलते, नेमकी बॅग धरून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर. पडता पडता ती सोबत हवाही आत ओढते. आणि बॅग टाइप सी असली, अर्थ केलेली असली, तरी पावडर स्वतः दुर्वाहक असेल तर तिच्यावरचा प्रभार ती घेऊनच आत जाते. टोल्युइनसारखं द्रवही वीज वाहू देत नाही. आपल्याकडचे बरेच रिॲक्टर ग्लासलाइन्ड, म्हणजे जीएलआर. त्यांची आतली काच तिसरी दुर्वाहक. मग प्रभार जायचा कुठे? बॅग बरोबर निवडली म्हणून इथे निश्चिंत होता येत नाही.

सर्वांत चांगला उपाय क्रम बदलण्याचा. प्रक्रियेला चालत असेल तर घन पदार्थ आधी टाका, मग रिॲक्टर बंद करून नायट्रोजनने हवा घालवा, आणि सॉल्व्हंट शेवटी पाइपमधून घ्या. हे जमत नसेल तर बंदिस्त पद्धत: मधला हॉपर आणि रोटरी व्हॉल्व्ह, दोन व्हॉल्व्हचा एअरलॉक किंवा व्हॅक्यूमवर चालणारी पावडर ट्रान्सफर यंत्रणा. संशोधन विभागाला क्रम बदलायला सांगणं अनेकांना जड जातं, पण पुष्कळदा त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

पण नायट्रोजनचं ब्लँकेट सुरूच असतं.

ब्लँकेट म्हणजे हवा बाहेर ठेवण्यासाठी रिॲक्टरमध्ये सोडलेला नायट्रोजन. मॅनहोल उघडं असताना ते नावालाच उरतं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. टोल्युइन, मिथेनॉल यांची वाफ पेटू नये म्हणून तो १० टक्क्यांच्याही खाली, पुरेसा फरक ठेवून आणावा लागतो. उघड्या तोंडातून पडणारी पावडर हवा आत नेते आणि हा आकडा पुन्हा चढतो. मीटरने मोजल्याशिवाय ‘नायट्रोजन सुरू आहे’ याला अर्थ नाही. आणि मॅनहोलवर वाकलेल्या माणसाला तोच नायट्रोजन गुदमरवू शकतो, हेही विसरू नका.

माणसाला काय लागतं?

माणूसही धारक आहे, १०० ते २०० पिकोफॅराडचा. १०,००० व्होल्टवर त्याच्यात १० मिलिजूलपर्यंत ऊर्जा साठते. पावडरीची एमआयई ३० मिलिजूलपेक्षा कमी असेल किंवा सॉल्व्हंट असेल तर माणूस अर्थ झालाच पाहिजे. त्यासाठी अँटिस्टॅटिक बूट, आणि त्याखाली प्रभार वाहू देणारी जमीन. साधा इपॉक्सी रंग, पसरलेलं प्लास्टिक किंवा रबरी मॅट आली की बूट निरुपयोगी. हातमोजेही तसेच हवेत. साध्या रबरी मोज्यात धरलेला स्टीलचा स्कूप अर्थ न केलेला धातूच होतो.

आम्ही कोकणात आहोत. एवढ्या दमट हवेत स्टॅटिक कसलं?

पावसाळ्यात लोट्याच्या किंवा महाडच्या मोकळ्या शेडमध्ये दमटपणा थोडी मदत करतो, यात शंका नाही. पण ड्रायरमधून गरम, कोरडी आलेली पावडर किंवा कोरड्या हवेने ढकललेली पावडर बाहेरच्या पावसाला विचारत नाही. एसी असलेल्या फार्मा पावडर रूममध्येही हवा मुद्दाम कोरडी ठेवतात. आणि कुरकुंभला जानेवारीत किंवा बुटीबोरीला एप्रिलमध्ये हवा किती कोरडी होते ते तिथल्यांना सांगायला नको. म्हणूनच बॅगांची चाचणी २० टक्के सापेक्ष आर्द्रतेतही घेतात. दमटपणावर सुरक्षा आखू नये.

आमची साखर, स्टार्च. खाण्याचीच पावडर. तिला काय होणार?

अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या इम्पीरियल शुगर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ ला साखरेच्या धुळीचा स्फोट झाला. १४ जण गेले. तिथे बहुधा तापलेल्या बेअरिंगमुळे पेट घेतला, स्टॅटिकने नव्हे. पण पहिल्या स्फोटाने मजल्यांवर, बीमवर साचलेली धूळ उडवली आणि पुढचे मोठे स्फोट त्या धुळीचे होते. ठिणगी कुठलीही असो, बॅगिंग शेडमध्ये बीमवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचली असेल तर आधी ती काढा. झाडूने किंवा कॉम्प्रेस्ड एअरने उडवून नव्हे, धुळीसाठी प्रमाणित व्हॅक्यूमने.

एमआयईचा आकडा कुठून मिळवायचा?

पुरवठादाराच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये तो बऱ्याचदा नसतो. पुस्तकातला आकडा अंदाजापुरता. पावडर जितकी बारीक आणि कोरडी, तितकी एमआयई कमी. मायक्रोनाइझ केलेल्या मालाला जाड मालाचा आकडा लावू नका. धूळ-स्फोट चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेला तुमच्या प्रक्रियेतला सर्वांत बारीक, वाळवलेला नमुना द्या. खर्च होतो, पण तेवढ्यावर बॅगेचा प्रकार, जमीन, बूट सगळंच ठरतं.

खरेदी ऑर्डरवर काय लिहावं?

बॅगेचा टाइप, आयईसी ६१३४०-४-४ नुसार चाचणीचा अहवाल, लायनर असेल तर त्याचा प्रकार, आणि प्रत्येक बॅगेवर टाइपचं लेबल. रंगावर जाऊ नका. निळी बॅग पाहून ‘ही टाइप डी’ म्हणणारे भेटतात, पण रंगाचा कुठलाही नियम नाही.

वापरलेल्या बॅगा पुन्हा चालतात का?

टाइप सीचे वाहक धागे वापरात तुटतात आणि बाहेरून दिसत नाही. पुन्हा वापरायचीच तर प्रत्येक फेरीआधी रोध मोजा, नोंद ठेवा. बाजारातल्या सेकंडहँड बॅगा ज्वलनशील मालासाठी घेऊ नका. आधी त्यात काय भरलं होतं हेही कळत नाही. आपल्या रिकाम्या बॅगा भंगारात देताना लूप आणि लेबल कापूनच द्या, नाहीतर त्याच बॅगा फिरून कुणाच्या तरी रिॲक्टरवर टांगलेल्या दिसतील.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ३७ याच विषयावर होतं: यंत्रसामग्री बंदिस्त करणं, धूळ साचू न देणं, पेट घेण्याची सर्व कारणं दूर ठेवणं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे हे काम येतं. बॅगेचा टाइप त्या कलमात लिहिलेला नव्हता. तो ठरवणं आपलं काम.

चार्जिंग करताना हेल्परला हलका झटका बसला. काही झालं नाही. लिहून ठेवायचं का?

हो, निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) म्हणून, त्याच शिफ्टमध्ये. झटका जाणवतो तेव्हा व्होल्टेज साधारण दोन-तीन हजारांच्या वर गेलेलं असतं. म्हणजे कुठली तरी वस्तू, किंवा तो माणूसच, अर्थ झालेला नाही. काम थांबवा आणि शोधा: क्लॅम्प, बूट, ड्रम, हॉपरची लवचिक जोडनळी, फिल्टरचा पिंजरा. त्या जोडनळीत धातूची रिंग असते आणि दोन्ही बाजूंना रबर. माझ्या अनुभवात शोध बहुतेक वेळा तिथेच संपतो.